काटा पाव टाकीवर, तरी इंजिन बंद: हिशेब कुठे चुकतो?

उडतं_पाखरू

खाजगी वैमानिक परवान्याच्या अभ्यासासाठी एक गणित कागदावर मांडलंय. कागदावर ते सुटतं, पण अपघातांचे अहवाल वाचले की त्यावरचा विश्वास उडतो. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

विमान सेस्ना १७२एन, साध्या टाक्या. एकूण ४३ अमेरिकन गॅलन, त्यातलं वापरता येण्याजोगं ४०, म्हणजे १५१ लिटर. अंतर ४०० नॉटिकल मैल. ८,००० फुटांवर ७५ टक्के पॉवर, खरा हवाई वेग १२० नॉट (ताशी नॉटिकल मैल), मॅन्युअलच्या तक्त्याप्रमाणे ताशी साधारण ३२ लिटर. वारा शून्य धरला तर ३ तास २० मिनिटं आणि १०७ लिटर. स्टार्ट, टॅक्सी, टेकऑफ आणि चढाईचे मिळून ८ लिटर जास्तीचे धरले. एकूण ११५. शिल्लक ३६ लिटर, म्हणजे तासाभराहून थोडं जास्तच. अमेरिकी नियमात दिवसा व्हीएफआरसाठी (बाहेर नजरेने बघत उडण्यासाठी) ३० मिनिटांचा राखीव साठा सांगितलाय, रात्री ४५. म्हणजे मी दिवसाच्या दुप्पट धरलाय.

प्रश्न असे: हा तास जातो कुठे? दोन टाक्यांना दोन काटे असताना वैमानिकाला कळत कसं नाही? अहवालात कुठे 'फ्युएल एक्झॉशन' लिहितात, कुठे 'फ्युएल स्टार्व्हेशन', ते एकच का? आणि इंजिन थांबलंच, तर पहिल्या मिनिटात काय करायचं?

हेडविंड२०

तुमचं गणित बरोबर आहे, गृहीतकं चुकलीत. तेच विमान, तीच १५१ लिटर, फक्त दोन गोष्टी बदलून बघू.

एक, समोरून २० नॉटचा वारा. जमिनीवरचा वेग १२० ऐवजी १०० नॉट. ४०० मैलांना ३ तास २० मिनिटांऐवजी ४ तास. चाळीस मिनिटं वाढली, म्हणजे २१ लिटर गेले. तरी १५ लिटर उरतात, ते अठ्ठावीस मिनिटांचे. नियमाच्या अर्ध्या तासाला दोन मिनिटं कमी. पण विमान पोचतं, आणि म्हणूनच अशा उड्डाणांचा कुठे बोभाटा होत नाही.

दोन, मिक्श्चर, म्हणजे हवेत किती इंधन मिसळायचं ते. तक्त्यातले ३२ लिटर हे मिक्श्चर नीट लीन (इंधन कमी) केल्यावरचे आहेत. मिक्श्चरचा लाल नॉब पूर्ण आत, म्हणजे रिच (इंधन जास्त) ठेवून तुम्ही गेलात तर ताशी ३८ लिटर जाऊ शकतात. चार तासांना १५२, वरचे ८, बेरीज १६०. टाकीत आहेत १५१. इंजिन ३ तास ४६ मिनिटांनी थांबणार, ३७६ मैल झाल्यावर. धावपट्टी २४ मैल पुढे. ८,००० फुटांवरून शांत हवेत हे विमान फार तर १२ मैल तरंगत जाईल, आणि इथे वारा समोरून आहे.

यात कोणतीही भयंकर चूक नाही, हे लक्षात घ्या. वादळ नाही, बिघाड नाही, बेफिकीर वैमानिकही नाही. २१ लिटर वाऱ्याने खाल्ले, २४ लिटर लाल नॉबने. दोघांपैकी एकानेच खाल्ले असते तर कसंबसं निभावलं असतं. आता यात तिसरी गोष्ट घाला: टाक्या 'भरलेल्या' होत्या, पण काठोकाठ नव्हत्या, दोन्ही बाजूंना १० लिटर कमी. मग इंजिन ३ तास १४ मिनिटांनीच थांबतं, ३२४ मैलांवर.

खरा मुद्दा पुढे आहे. ही परिस्थिती उड्डाणाच्या पहिल्याच तासात कळते. १०० मैलांची खूण तुम्ही ५० मिनिटांत गाठायची होती, गाठली ६० मिनिटांत. त्याच क्षणी पेन काढायचं. गेलेलं इंधन ८ अधिक ३८, उरलं १०५ लिटर. ताशी ३८ ने २ तास ४५ मिनिटं. राहिलेलं अंतर ३०० मैल, १०० नॉटने ३ तास. उत्तर तिथेच लिहिलेलं आहे: पोचत नाही. अजून पावणेतीन तास इंजिन चालणार आहे, हातात १७५ मैलांच्या आतले सगळे विमानतळ आहेत, आणि तिथे उतरताना टाकीत तासाभराचं पेट्रोल असेल. पण 'पुढे वारा कमी होईल' असं म्हणून तो कागद मांडीखाली जातो.

सवय अशी लावा: टेकऑफची वेळ कागदावर लिहायची आणि दर अर्ध्या तासाला चार आकडे मांडायचे. झालेला वेळ, खरा ग्राउंडस्पीड, उरलेलं इंधन मिनिटांत, उरलेलं अंतर मिनिटांत. लिटरमध्ये विचार करू नका, मिनिटांत करा. '४० लिटर आहेत' ऐकून माणूस निर्धास्त होतो. '६३ मिनिटं आहेत' ऐकून घड्याळ बघतो.

उडतं_पाखरू

हेडविंड, हे अगदीच डोळ्यासमोर आलं. पण लीन करताना इंजिन तापून खराब होईल या भीतीने ३,००० फुटांखाली नॉबला हात लावू नये असं शिकवतात. ते चूक का?

हेडविंड२०

सरसकट नियम म्हणून चूक. लायकॉमिंगच्या या इंजिनांमध्ये धोका आहे तो ७५ टक्क्यांहून जास्त पॉवरवर लीन करण्यात. क्रूझमध्ये पॉवर ७५ किंवा त्याखाली असेल तर कोणत्याही उंचीवर लीन करता येतं. १७२एन ची पद्धत सोपी आहे: नॉब हळूहळू बाहेर घ्या, आरपीएम आधी किंचित वाढतं, शिखर गाठतं, मग उतरायला लागतं. शिखरापासून २५ ते ५० आरपीएम उतरलं की थांबा. ईजीटी (एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा) असेल तर शिखरापेक्षा ५० अंश फॅरनहाइट रिच बाजूला. उंची किंवा थ्रॉटल बदललं की परत तेच.

कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून दिलेली गरम हवा) चालू ठेवून उडत असाल तर तीही मिश्रण रिच करते, त्यामुळे मिक्श्चर पुन्हा जुळवावं लागतं. ही गोष्ट तक्त्यात कुठेच दिसत नाही.

डिपस्टिक

आता काट्यांकडे. टाकीत तरंगणारा फ्लोट, त्याला दांडी, दांडीला रेझिस्टन्स बदलणारा सेंडर, तिथून वायर डायलपर्यंत. मोटारसायकलच्या काट्यापेक्षा फार वेगळं काही नाही. त्यात टाकी रुंद, उथळ आणि पंखाच्या कोनामुळे तिरकी. विमान कललं, हेलकावलं, स्किड झालं (वळताना आडवं घसरलं) की इंधन एका कोपऱ्यात जातं आणि काटा नाचतो. सेंडरची पट्टी झिजते, अर्थिंग सैल होतं, फ्लोटमध्ये इंधन शिरून तो बुडतो. बिघाड कुठे आहे त्यावर काटा कधी भरलेला दाखवतो, कधी रिकामा.

'काटा फक्त रिकामा असतानाच बरोबर असावा लागतो' हे वाक्य प्रत्येक हँगरमध्ये ऐकायला मिळतं. ते अर्धवट आहे. प्रमाणीकरणाच्या नियमाचा मूळ अर्थ असा, की सरळ उड्डाणात वापरता येण्याजोगं इंधन संपलं तेव्हा काट्याने शून्य दाखवावं. टाकीच्या तळाशी वापरता न येणारं इंधन शिल्लक असलं तरी. मधल्या आकड्यांना सूट दिली आहे असा त्याचा अर्थ होत नाही. पण व्यवहारात जुन्या विमानाच्या मधल्या आकड्यांवर मी तरी कुणाला पैज लावू देणार नाही.

म्हणून नियम एकच: काटा आणि घड्याळ, दोघांपैकी जो वाईट बातमी देतो त्याचं ऐका. तुमच्या हिशेबापेक्षा काटा कमी दाखवत असेल तर तो बिघडलाय असं म्हणू नका. गळती असू शकते, झाकण उघडं राहिलेलं असू शकतं. हिशेबापेक्षा जास्त दाखवत असेल तर त्याच्याकडे बघूच नका.

सुरुवातीचा आकडा मात्र मोजलेला पाहिजे. त्यासाठी डिपस्टिक, आणि तीही त्याच विमानाची. दुसऱ्या विमानाची काठी वापरू नये, १७२ ची १७२ लाही नाही. कारण साध्या आणि लाँग रेंज टाक्यांची खोली आणि आकार वेगळे. काठी नसेल तर बनवता येते. विमान सपाट जमिनीवर ठेवा, टाकीत फक्त न वापरता येणारं इंधन राहील इतकं काढा, मग मोजमाप असलेल्या पंपाने १० किंवा २० लिटर टाका, पाच मिनिटं थांबू द्या, काठी सरळ तळापर्यंत बुडवा, ओल्या रेघेवर खूण करा. असं भरेपर्यंत. दोन्ही टाक्यांसाठी वेगळं करा, दोन्हींच्या खुणा जुळतीलच असं नाही. रंग न दिलेलं लाकूड सगळ्यात चांगलं, ओली रेघ स्पष्ट दिसते. पोकळ नळी वापरत असाल तर तळाला टेकवून वरच्या तोंडावर अंगठा दाबा आणि मगच बाहेर काढा.

दोन खाचखळगे. बऱ्याच विमानांत झाकण टाकीच्या बाहेरच्या टोकाला असतं आणि पंख वर कललेला, त्यामुळे इंधन कमी झालं की ते आतल्या टोकाला जमतं आणि काठी कोरडी येते. कोरडी काठी म्हणजे 'रिकामी' नव्हे, 'मोजता येत नाही' एवढंच. अशा वेळी अंदाज न लावता भरा. दुसरं, विमान उतारावर उभं असेल आणि सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं तो खटका) 'बोथ' वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर असेल तर इंधन वरच्या टाकीतून खालच्या टाकीत झिरपतं, भरलेली खालची टाकी ते व्हेंटमधून (हवा आत घेणाऱ्या नळीतून) बाहेर सोडते. रात्री भरलेल्या टाक्या सकाळी कमी निघतात त्या चोरीमुळेच असं नाही. उभं करताना सिलेक्टर डाव्या किंवा उजव्या टाकीवर ठेवा, आणि सकाळी पुन्हा मोजा.

आणि एकक. बिल लिटरमध्ये, काटा गॅलनमध्ये, वजन पौंडात. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर, इंपीरियल ४.५४६. वीस टक्क्यांचा फरक. एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) लिटरला ०.७२ किलो, जेट इंधन साधारण ०.८. या गोंधळाचं सगळ्यात मोठं उदाहरण लहान विमानाचं नाही: २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, उड्डाण १४३. हवे होते २२,३०० किलो. मापकयंत्रणा बंद होती म्हणून काठीने मोजून हिशेब केला, पण लिटरचे किलो करताना ०.८ ऐवजी १.७७ ने गुणलं, जो पौंडाचा आकडा. २० हजार लिटरहून जास्त भरायचं होतं, भरलं ४,९०० च्या आसपास. दोन्ही इंजिनं हवेत बंद पडली आणि विमान गिमली इथल्या जुन्या हवाईतळावर तरंगत उतरवलं. गुणाकार अनेकांनी तपासला होता. सगळ्यांनी त्याच चुकीच्या आकड्याने.

गॅस्कोलेटर

एक्झॉशन आणि स्टार्व्हेशन यातला फरक मेकॅनिकच्या बाजूने. एक्झॉशन: विमानात वापरता येण्याजोगं इंधनच उरलेलं नाही. स्टार्व्हेशन: इंधन आहे, पण इंजिनापर्यंत पोचत नाही. ढिगाऱ्याजवळ एका टाकीत ६० लिटर सापडले तर ते दुसऱ्या प्रकारातलं.

अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१७ मध्ये काढलेल्या सुरक्षा सूचनेत २०११ ते २०१५ या काळातले आकडे होते: इंधन व्यवस्थापनाशी निगडित अपघात वर्षाला सरासरी पन्नासहून जास्त, त्यातले ५६ टक्के एक्झॉशन, ३५ टक्के स्टार्व्हेशन. यंत्राचा दोष फक्त ५ टक्क्यांत. आणि जवळपास निम्मे वैमानिक कमर्शियल किंवा एअरलाइन परवानाधारक. शिकाऊ २ टक्के. म्हणजे अनुभवाने हा आजार बरा होत नाही.

स्टार्व्हेशनची मुख्य जागा म्हणजे सिलेक्टर. सेस्ना १७२ मध्ये पंख वर, इंधन गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, म्हणून 'बोथ' चालतं. पायपर पीए-२८ सारख्या लो-विंग विमानात पंप इंधन वर ओढतो. दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि एक रिकामी झाली तर पंप तिच्यातून हवाच ओढेल. म्हणून तिथे फक्त डावी किंवा उजवी. वॉरियरमध्ये एका बाजूला वापरता येण्याजोगे २४ गॅलन, ९१ लिटर. ती टाकी संपली की इंजिन थांबतं, शेजारची भरलेली असली तरी. दर अर्ध्या तासाने बदला. लक्षात ठेवायला घड्याळ: मिनिटकाटा उजव्या अर्ध्यात असेल तर उजवी टाकी, डाव्या अर्ध्यात तर डावी. बदलताना इलेक्ट्रिक पंप चालू, प्रेशर बघा, मग पंप बंद. टेकऑफच्या किंवा उतरण्याच्या अगदी तोंडावर बदलू नका. टाकीत पाणी किंवा अडथळा असेल तर तो कळायला वेळ मिळाला पाहिजे.

सिलेक्टर कुठे बसवलाय यानेही जीव जातो. १२ ऑक्टोबर १९९७ ला मॉन्टेरे बेमध्ये गायक जॉन डेन्व्हर ज्यात गेले ते लाँग-ईझेड घरी बांधलेलं विमान होतं. बांधणाऱ्याने सिलेक्टर मूळ आराखड्यातल्या जागेवरून काढून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायला स्टिक सोडून मागे वळावं लागे, आणि वळताना उजवा रडर नकळत दाबला जाई. इंधनाच्या काचाही पुढच्या सीटवरून दिसत नव्हत्या. जमिनीवर बसून बघितलं तर 'चालतंय की' असं वाटणारी रचना.

बाकी कारणं भराभर. झाकणाचा रबरी सील कडक झाला किंवा झाकण तिरकं बसलं तर पंखावरच्या कमी दाबाने इंधन वर ओढलं जातं आणि मागे उडून जातं. १००एलएल निळं असतं. झाकणामागे पंखावर निळा डाग दिसला तर सील बदला. व्हेंटमध्ये गांधीलमाशी मातीचं घर करते. हवा आत जात नाही, पोकळी तयार होऊन प्रवाह मंदावतो. रबरी ब्लॅडर टाकीला सुरकुती पडली तर क्षमता घटते आणि सुरकुतीमागे पाणी अडकतं. काही इंजेक्टेड इंजिनांत जास्तीचं इंधन टाकीत परत जातं, आणि काही जुन्या विमानांत ते ठरावीक एकाच टाकीत. ती टाकी आधीच भरलेली असेल तर परत आलेलं इंधन व्हेंटमधून बाहेर. म्हणून त्या विमानांत कोणती टाकी आधी वापरायची हे मॅन्युअलमध्ये ठरवून दिलेलं असतं.

डिजिटल फ्युएल टोटलायझर अचूक असतो, पण तो टाकी बघत नाही. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतल्या छोट्या चक्राचे फेरे मोजतो आणि तुम्ही सुरुवातीला घातलेल्या आकड्यातून वजा करतो. टाकीत ११० असताना 'फुल' बटण दाबलं तर तो १५१ पासून मोजायला लागेल. झाकणातून उडालेलं त्याच्या गावीही नसतं.

उडतं_पाखरू

मग सरळ नियम करावा का, की दर वेळी टाक्या काठोकाठ भरूनच निघायचं?

डिपस्टिक

वजन परवानगी देईल तेव्हा जरूर. पण चार सीट आहेत म्हणजे चार माणसं आणि पूर्ण इंधन, असं नसतं. समजा विमानाचं वापरता येणारं वजन ३९० किलो आहे. १५१ लिटरचे १०९ किलो गेले, उरले २८१. चार माणसं ८० किलोची धरली तरी ३२०, सामान वेगळं. ३९ किलो कमी करायचे तर ५४ लिटर काढावे लागतात. राहिले ९७. सुरुवातीचे ८ वजा, ताशी ३२ ने २ तास ४७ मिनिटं, त्यातला एक तास राखीव. म्हणजे पावणेदोन तासांचं उड्डाण. ४०० मैलांच्या प्रवासाला मध्ये एकदा, वारा समोरून असेल तर दोनदा उतरा किंवा एक माणूस कमी करा. गणिताला इथे भीड नसते.

राखीव एक तास का, तर ३० मिनिटं म्हणजे १६ लिटर, दोन टाक्यांत प्रत्येकी ८. एवढ्या थोड्या इंधनात तिरकं वळण किंवा लांब स्लिप (उंची घटवायला विमान आडवं घसरवणं) केली तर ते टाकीच्या आउटलेटपासून दूर सरकतं आणि नळीत हवा जाते. फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) स्लिप करताना इंजिन खोकतं ते असंच. एओपीए या अमेरिकी वैमानिक संघटनेचा सुरक्षा विभागही तासाचीच शिफारस करतो.

पॉवर_ऑफ

इंजिन थांबल्यावरचा भाग. पण त्याआधी: इंधन पुरणार नाही हे कळल्यावर सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे इंजिन चालू असतानाच उतरणं. छोटा विमानतळ, बंद पडलेली धावपट्टी, नाहीतर नीट निवडलेलं मैदान. पॉवर असताना एकदा वरून फेरी मारून तारा, खड्डे, चढ बघता येतात. तेच मैदान वीस मिनिटांनी पॉवर नसताना एका प्रयत्नात गाठावं लागतं.

रेडिओवर दोन शब्दप्रयोग आहेत आणि ते वेगळे आहेत. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही. ही आणीबाणी नाही, प्राधान्याची मागणी नाही. 'मेडे मेडे मेडे फ्युएल' म्हणजे उतरताना अंतिम राखीव साठ्यापेक्षा कमी उरणार आहे. दुसरं बोलायला वैमानिक लाजतात. २५ जानेवारी १९९० ला आव्हियांकाचं ५२ क्रमांकाचं उड्डाण न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलं, तेव्हा चालकदलाने इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द नियंत्रकाला उच्चारून सांगितला नव्हता.

आता थांबलंच. लक्षणं आधी येतात: पॉवर कमीजास्त होते, फ्युएल प्रेशर असेल तर थरथरतं, नाक वर-खाली केलं की इंजिन क्षणभर पकडतं आणि सोडतं. पहिलं काम नाक खाली. १७२एन ला ६५ नॉट, वॉरियरला ७३. ट्रिम करा. वाऱ्याची दिशा आणि जागा ठरवा, विमान तिकडे वळवा. मगच कारण शोधायला हात लावा.

१७२ मध्ये: कार्ब हीट चालू, सिलेक्टर बोथ, मिक्श्चर रिच, इग्निशन बोथ, प्रायमर आत आणि लॉक. पीए-२८ मध्ये: टाकी बदला, पंप चालू, मिक्श्चर रिच, कार्ब हीट चालू. आणि थांबा. पायपरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की रिकाम्या झालेल्या नळ्या भरायला दहा सेकंदांपर्यंत लागू शकतात. तिसऱ्या सेकंदाला घाबरून परत रिकाम्या टाकीवर जाणारा वैमानिक स्वतःच इंजिन दुसऱ्यांदा बंद करतो.

इंधन खरंच संपलं असेल तर या सगळ्याचा उपयोग नाही, आणि ते एका प्रयत्नात कळलं की सोडून द्या. ट्रान्सपॉन्डरवर (रडारला ओळख देणाऱ्या यंत्रावर) आणीबाणीचा कोड ७७००, नियंत्रकाशी बोलत नसाल तर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर मेडे. जागा निवडताना १,००० फुटांना दीड मैल हा आकडा धरा, पण समोरच्या वाऱ्यात तो घटतो. नजरेच्या टोकावरची धावपट्टी सोडून खाली दिसणारं शेत घ्या. जीव जातो तो मुख्यतः ग्लाइड (इंजिनाविना तरंगणं) ताणण्याच्या नादात: नाक वर, वेग ५० वर, कमी उंचीवर वळण, स्टॉल (पंखाची उचल तुटणं). ४५ अंश कललात तर स्टॉलचा वेग १९ टक्के वाढतो. सरळ, पंख समपातळीत, कमी वेगाने झाडीत शिरलेलं विमान माणसं वाचवतं. स्टॉल होऊन नाकावर पडलेलं नाही.

वाऱ्याच्या विरुद्ध उतरणं किती महत्त्वाचं, तेही आकड्यात. टेकताना हवाई वेग ५० नॉट, वारा १५. समोरून आला तर जमिनीवरचा वेग ३५, मागून आला तर ६५. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास साडेतीनपट.

जागा नक्की झाल्यावर मिक्श्चर कट-ऑफ, सिलेक्टर ऑफ, इग्निशन ऑफ. १७२ चे फ्लॅप विजेवर चालतात आणि बॅटरी अजून जिवंत आहे, म्हणून हवे तेवढे फ्लॅप आधी, मास्टर स्विच त्यानंतर बंद. फ्लॅपनंतर ६० नॉट. दारं टेकण्याआधी उघडून ठेवा, धडकेने चौकट वाकली तर नंतर उघडत नाहीत. खांद्याचे पट्टे घट्ट. शेपूट थोडी खाली ठेवून टेका आणि ब्रेक दाबून धरा. 'टाकी रिकामी, आता आग कसली' असं म्हणून हे टाळू नका. स्टार्व्हेशनमध्ये दुसरी टाकी भरलेली असते.

गॅस्कोलेटर

नंतर तपासणी करणारे काय बघतात तेही पाखरूंनी वाचलेल्या अहवालांच्या संदर्भात सांगतो, म्हणजे ती वाक्यं कळतील. प्रॉपचं एक पातं मागे वाकलेलं, दुसरं सरळ, पात्याच्या रुंदीच्या दिशेने ओरखडे नाहीत: धडकेच्या वेळी इंजिन पॉवर देत नव्हतं. टाक्या फाटलेल्या नाहीत, गळती नाही, तरी आत फक्त न वापरता येणारं. कार्ब्युरेटरच्या वाटीत थेंब. गॅस्कोलेटरमध्ये, म्हणजे फायरवॉलवरच्या गाळणीत, चमचाभर. जमिनीवर इंधनाचा वास नाही आणि खालचं गवत हिरवं. सांडलं असतं तर काही दिवसांत करपलं असतं. मग भरल्याची पावती आणि टॅक किंवा हॉब्स मीटर (इंजिनाचे तास मोजणारं) समोरासमोर ठेवायचं, भागाकार करायचा. जो हिशेब उड्डाणात व्हायचा होता तोच, फक्त तपासनीसाच्या टेबलावर.

उडतं_पाखरू

सगळ्यांचे आभार. गणित परत मांडलं: वारा २० नॉट समोरून, खर्च ताशी ३८, राखीव एक तास म्हणजे ३८ लिटर. १५१ वजा ८ वजा ३८, उरले १०५. २ तास ४५ मिनिटं, १०० नॉटने २७५ मैल. म्हणजे ४०० मैलांना मध्ये एक थांबा, आणि तो २७५ च्या आत. थांबा निम्म्यावर, २०० मैलांच्या आसपास घेतला तर चालेल ना?

हेडविंड२०

चालेल. पण तिथे पंप चालू आहे का, ते निघण्याआधी फोन करून विचारा, आणि बंद निघाला तर तिथून कुठे जायचं तो दुसरा विमानतळही त्याच २७५ मैलांत बसवा.